मिरी वाळली का, ते मला विचारा

मी एक जुनी ताडपत्री आहे. एके काळी मी निळी होते असे म्हणतात. आता माझा रंग कोणता हे सांगायला दोन माणसे बोलावली, तर त्यांचे एकमत होणार नाही. अंगावर सात ठिगळे पडली. आणि मला स्वस्थ बसता येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. वाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी माझ्या कडा फडफडू लागतात. ढग लांब डोंगरामागे असला तरी माझा जीव वरखाली होतो. म्हणून माझ्या चारही कोपऱ्यांवर धोंडे ठेवत. मित्रांनो, तुम्हांला वर्गात हाताची घडी घालून बसायला सांगतात ना, तसेच हे. तुम्ही तासाभराने सुटता. मी बारा वर्षे तशीच बसले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे बारीक दाणे वितळवून त्यांचा पातळ पापुद्रा केला, त्या पापुद्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि त्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून माझे अंग तयार केले. दोन्ही बाजूंना आणखी एकेक गुळगुळीत थर चढवला. मग कडेला भोके पाडून त्यांत धातूच्या रिंगा ठोकल्या. दुखले का, असे कोणी विचारले नाही, म्हणून मीच सांगते: दुखले. नंतर माझी घडी घालून एका दुकानाच्या माळ्यावर, इतर ताडपत्र्यांच्या खाली, मला दडपून ठेवले. तिथे मी वर्षभर चुळबुळत होते. बाकीच्या ताडपत्र्या माझ्यावर वैतागल्या होत्या.

त्या दुकानात दोर, बादल्या, कुदळी, पाण्याच्या नळ्या असे सगळे मिळायचे. एके दिवशी तिथे एक शेतकरी आला. त्याच्या खिशात कापडाची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत मूठभर काळी मिरी. "मिरी वाळवायला काहीतरी हवंय," एवढेच तो म्हणाला. दुकानदाराने त्याच्यापुढे बांबूची चटई अंथरली, तागाचे गोणपाट अंथरले, जाड सुती चादर अंथरली आणि शेवटी माळ्यावरून मला ओढून काढले. शेतकऱ्याने प्रत्येकावर वीतभर उंचीवरून मिरी सोडली, तळहाताने ती गोल फिरवली आणि मान वाकडी करून ऐकत राहिला.

"दादा, तुम्हाला नक्की घ्यायचंय काय?" दुकानदाराने विचारले.

"थांबा जरा. ऐकू द्या."

गोणपाटावर मिरी गप्प बसली. चादरीवर तर पडली की नाही हेही कळले नाही. बांबूच्या चटईवर ती फटींत अडकून बसली. माझ्यावर मात्र ती अशी खळखळली की दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाईकानेही वळून पाहिले.

"हिचा आवाज चांगला आहे," शेतकरी म्हणाला. "हीच द्या."

"अहो, ताडपत्रीचा जाडपणा बघतात, कडा बघतात. आवाज कोण बघतं?"

"मी बघतो."

माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ती. अशी शाबासकी मिळाल्यावर कुणाचाही स्वभाव थोडा बिघडतोच, माझाही बिघडला.

आता आवाजाचे काय प्रकरण आहे, ते सांगते. मिरीचे हिरवे घड वेलावरून खुडून आणतात, पायांनी मळून दाणे सुटे करतात, आणि दाणे टोपलीत घालून ती टोपली उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढतात. मग ते गरम, ओले दाणे माझ्यावर पसरतात. संध्याकाळपर्यंत हिरवा रंग जाऊन ते काळे पडतात. खरी परीक्षा इथून पुढे असते. वरून दाणा दुसऱ्या दिवशीच वाळल्यासारखा दिसतो, साल सुरकुतते, रंग अगदी हवा तसा येतो. पण आत ओल दडून बसलेली असते. अशी मिरी पोत्यात भरली, तर ती आतल्या आत घामेजते आणि तिला बुरशी येते. डोळ्यांना फसवणाऱ्या या मिरीला आवाज मात्र लपवता येत नाही. ओला दाणा माझ्यावर हलला की थपथप असा मुका आवाज येतो. वाळला की तो खळखळतो, आणि पुरता वाळला की त्या खळखळीत एक टणक खणखण येते. ती खणखण ऐकण्यासाठीच शेतकऱ्याने मला निवडले होते.

तो लाकडी दाताळ्याने मिरी खालीवर करायचा आणि ऐकायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी त्याचा हात थांबायचा. "झाली," तो म्हणायचा. आणि ती झालेलीच असायची. मला हे खात्रीने माहीत होते, कारण मिरीतली ओल आधी माझ्या पाठीला लागते, मग बाकी जगाला कळते.

त्याच्या कानाची कीर्ती वस्तीभर पसरली. वस्ती बारा घरांची, सगळ्यांचे थोडेथोडे वेल. लोक आपापल्या घरची मिरी मुठीत घेऊन आमच्या अंगणात यायचे. तो मूठ कानाशी नेऊन हलवायचा. "अजून दोन उन्हं द्या." "झाली, भरा." "ही कुणाची? शिंप्याची? शिंपीबुवा, घाई करू नका." लोक त्याला कानवाले काका म्हणू लागले. काका कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. चहा पुढे आला तर तेवढा घ्यायचे. पण ते रस्त्याने चालताना त्यांची मान किती ताठ असायची, ते मी अंगणातून पाहत असे.

तुम्हांला वाटेल, मिरी वाळवायची तर सगळ्यांची रीत एकच असेल. छे! वळणावरच्या घराला अंगणच नाही. त्यांची मिरी डांबरी रस्त्याच्या कडेला वाळते. डांबर तापते, मिरी झटपट काळीभोर होते, आणि वर एखाद्या सायकलच्या चाकाची नक्षीही उमटते. "त्यात खडे येतात हो," असे कोणी म्हटले की त्या घरची बाई विचारते, "मग तुमचं अंगण देता का?" शिंप्याच्या घरी कोंबड्या फार, म्हणून त्यांची मिरी सिमेंटच्या गच्चीवर चढते. शिंपी शिवणयंत्रावरून दर तासाला उठून जिना चढतो आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालतो. ओढ्याकाठच्या घरावर दुपारनंतर ऊन येतच नाही. ते लोक चुलीच्या वर बांबूचा माळा बांधून धुरावर मिरी वाळवतात. तिला धुराचा वास येतो, व्यापारी नाक मुरडतो, पण त्यांना दुसरा इलाज नाही. मी पूर्वी या सगळ्यांना मनातल्या मनात हसत असे. आता हसत नाही. ज्याने त्याने आपले घर, आपले ऊन आणि आपली माणसे पाहून रीत निवडलेली असते, आणि ते कारण बाहेरून येणाऱ्याला दिसत नाही.

एकदा असाच एक बाहेरचा पाहणीवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागद. त्याने काकांना विचारले, "मिरी वाळवायला तुम्ही ताडपत्रीच का वापरता?"

"आवाजासाठी," काका म्हणाले.

पाहणीवाल्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "काका, आवाजाला इथे रकाना नाहीये. परवडते, असं लिहू का?"

"लिहा," काका हसून म्हणाले.

परवडते! मी त्या दिवशी इतकी धुसफुसले की एका कोपऱ्यावरचा धोंडा घसरला.

असे दिवस गेले. काकांची बायको फार पूर्वीच वारली होती. घरात ते आणि त्यांचा मुलगा. मुलगा मालाची गाडी चालवतो, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. पाच वर्षांपूर्वी त्याचे लग्न झाले आणि घरात सून आली. तिच्या माहेरी मिरी नव्हती, भात होता. पण ती चटकन शिकली. तिची एक सवय होती: मिरीच्या थरात मनगटापर्यंत हात खुपसून डोळे मिटायचे. काका तिला चिडवायचे. "सूनबाई, हाताला काय कळणार? हात गरम, मिरी गरम. कान लाव."

"माझ्या कानाला काही कळत नाही, बाबा."

"कळेल, कळेल. दहा वर्षांनी कळेल."

दहा वर्षे कुठली! तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. काका माझ्या कडेला बसले होते आणि त्यांच्या पाठीमागून चार कोंबड्या कलकलाट करत माझ्यावर चढल्या. पायांनी मिरी उधळत त्या आरपार गेल्या. काका जागचे हलले नाहीत. त्यांना त्या दिसल्या तेव्हाच ते "हाड हाड" करत उठले. मला पहिल्यांदा वाटले, झोप लागली असेल. मग तसे पुन्हा झाले. मुलगा काही बोलला की काका "काय?" विचारायचे; पुढे पुढे विचारणेही सोडले आणि नुसते हसू लागले. दाताळे मात्र जोरजोरात फिरवू लागले. माझे तिसरे आणि चौथे ठिगळ त्याच जोराचे आहे. कधी अंगणात कोणी नसले की ते गुडघ्यांवर बसून कान अगदी माझ्यापर्यंत खाली आणायचे, हाताने दाणे फिरवायचे आणि तसेच बसून राहायचे.

मला सगळ्यांच्या आधी कळले. आणि आता एक गोष्ट सांगते, तिची मला लाज वाटते. काकांनी हे कुणाला सांगू नये असे मला वाटत होते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना आवाजाची ताडपत्री कशाला हवी? ते बोलले असते, तर माझी घडी होऊन मी माळ्यावर गेले असते. म्हणून त्यांनी ओल्या मिरीवर "झाली" म्हटले की मी तळमळायचे, पण आतून सुटल्यासारखेही वाटायचे. माझी तळमळ कोणाला ऐकू येणार होती म्हणा.

दोन वर्षांपूर्वी निभावले, कारण ऊन कडक पडले होते. गेल्या वर्षी मात्र मळभ होते. चौथ्या दिवशी काका "झाली" म्हणाले तेव्हा माझी पाठ ओलीचिंब होती. पोती भरली, सुनेने ती खोलीत नेऊन भिंतीशी उभी केली. काही दिवसांनी व्यापारी आला. त्याने पहिल्या पोत्यात हात घातला आणि हातात मिरीचा एक गोळाच आला, पांढऱ्या बुरशीने चिकटलेला.

"काका, ही तुमच्या घरची मिरी?" व्यापारी म्हणाला. त्याला खरेच पटत नव्हते. दारात वस्तीतली पाच-सहा माणसे उभी होती.

काकांनी पोत्याकडे पाहिले. मग भिंतीकडे पाहिले. "भिंतीला टेकवून ठेवली होती," ते म्हणाले. "भिंतीची ओल लागली."

सगळ्यांनी सुनेकडे पाहिले. तिने गोळा झालेली मिरी उचलून उकिरड्यावर टाकली आणि पोती धुवायला घेतली.

त्या दिवसापासून वस्तीला चिडवायला एक विषय मिळाला. "भिंतीपासून लांब ठेव गं!" कोणी घागर ठेवत असले, कोणी लहान मूल खाली ठेवत असले, तरी हेच. सून हसायची. पण तिचे बसणे-उठणे बदलले. जेवताना ती घास ठेवून उठायची आणि खोलीत जाऊन पोत्यांखाली घातलेल्या फळ्या चाचपून यायची. कपाटे भिंतीपासून पुढे ओढायची. मी दाराआड उभी केलेली असायचे. तिच्या पावलांचा आवाज ऐकून माझीही चुळबुळ वाढायची. त्या घरात स्वस्थ बसणारे आता कोणीच उरले नव्हते.

या वर्षी एक नवी गोष्ट घडली. वस्तीतल्या बायकांनी गट केला. किराणा दुकान चालवणारी एक बाई गटाची प्रमुख झाली. सगळे तिला ताई म्हणतात. ताई फटकळ आहे, पण कामाला वाघ. तिने दूरच्या एका मसाल्याच्या कारखान्याशी बोलणी केली. बारा घरांची मिरी एकाच गाडीतून जाणार, भाव चांगला, पण अट एकच: एका पोत्यात जरी ओल सापडली, तरी सगळीच्या सगळी मिरी परत येणार आणि पुढच्या वर्षी कारखाना दार उघडणार नाही. शिंप्याने त्या भरवशावर मुलीचे कॉलेज ठरवले. वळणावरच्या बाईने अंगणासाठी मागची जागा विचारून ठेवली. आणि कोणाची मिरी वाळली, कोणाची नाही, हे कोण ठरवणार? प्रश्नच नव्हता. कानवाले काका.

ताईने गटासाठी वाळवणाचा एक मांडवही आणला. कमरेएवढ्या उंचीचे लोखंडी पाय, त्यावर ताणून बसवलेली जाळी आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाची कमान. खालून वारा, वरून ऊन, कोंबड्यांना बंदी. तो पहिल्यांदा आमच्या अंगणात लागला, कारण सुनेने तो मागून घेतला होता. मी त्याच्याकडे कशा नजरेने पाहिले असेल, ते तुम्हीच समजा. पण खरे तेच सांगते. माझ्याखाली पाणी साचते, जमिनीचा गारवा वर येतो, दुपारचा थेंब रात्रीपर्यंत माझ्या सुरकुत्यांत बसून राहतो. मांडवाला यातले काही नाही. तो माझ्यापेक्षा चांगला आहे.

काकांनी त्याच्यावर मिरी सोडून पाहिली. "जाळीवर मिरी मुकी होते," ते म्हणाले. "मला नको हे."

"बाबा, मिरी बोलली नाही तर बिघडलं कुठं?" सून म्हणाली. "वाळली म्हणजे झालं."

"काय?"

"वाळली म्हणजे झालं!" ती मोठ्याने म्हणाली.

शेवटी अर्धी मिरी मांडवावर गेली आणि अर्धी माझ्यावर. तीन दिवस ऊन आणि ढग यांची पकडापकडी चालली होती. सून मांडवावरच्या मिरीत हात घालायची, मग माझ्यावरच्या मिरीत हात घालायची, आणि तिचा चेहरा बदलायचा. मी मनात म्हणायचे, बोल ना गं बाई. ती दाताळे जागेवर ठेवून आत निघून जायची.

चौथ्या दिवशी गाडी यायची होती. काकांचा मुलगाच ती घेऊन येणार होता. सकाळपासून बारा घरांची पोती आमच्या अंगणात जमू लागली. काका खुर्चीवर बसले. प्रत्येक पोत्यातली मूठ त्यांच्या कानाशी गेली. "झाली. झाली. झाली." पूर्वी ते निदान दोघांना तरी परत पाठवायचे, त्या दिवशी कोणालाही परत पाठवले नाही. लोक खूश होते. माझी मात्र नुसती फडफड चालली होती. आमची अर्धी मिरी अजून माझ्या अंगावर होती, थपथप, ओली. काकांनी दाताळे फिरवले, मान वाकडी केली, सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "झाली. भरा."

भरली. मी रिकामी झाले, आणि माझ्या पाठीवर जागोजाग ओलीचे डाग राहिले. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. गाडी येऊन दारात उभी होती. बायका दाभण आणि सुतळी घेऊन पोती शिवायला बसल्या. सून आमच्या पोत्यापाशी बसली होती. दाभणात सुतळी ओवलेली होती, हात पोत्याच्या तोंडावर होता, आणि टाका काही पडत नव्हता. मला तिचा राग आला. माझ्या मनात आले, निदान पटापट शिवून तरी टाक, म्हणजे माझी या तगमगीतून सुटका होईल.

"अगं, शिव की," ताई म्हणाली. "का भिंत शोधतेस टेकायला?"

सगळे हसले. सुनेनेही हसायचा प्रयत्न केला. या वेळी तिला ते जमले नाही; तिने मान खाली घातली आणि दाभणाकडे बघत बसली.

काकांना शब्द ऐकू आले नसणार. पण त्यांना सगळ्यांची तोंडे हसताना दिसली, सुनेची मान खाली गेलेली दिसली. आणि वर्षभर लोक कशावर हसत आले आहेत, ते त्यांना चांगले माहीत होते. ते खुर्चीवरून उठले.

"थांबा," ते म्हणाले. "पोती शिवू नका."

"काय झालं, काका?"

"मला ऐकू येत नाही." आवाज जरा जास्तच मोठा आला, आपला आवाज किती मोठा आहे, हेही त्यांना कळत नव्हते. "तीन वर्षं झाली. सकाळपासून मी नुसता मुठी हलवतोय." मग त्यांनी श्वास घेतला. "गेल्या वर्षी मिरी ओलीच भरली होती. मी भरायला सांगितली. भिंत कोरडी होती."

शिंप्याने आपल्या पोत्यात पुन्हा हात घातला. वळणावरची बाई ओरडून म्हणाली, "मग माझी मिरी? काका, माझं पोतं तुम्ही ऐकलंत ना?"

"नाही ऐकलं," काका म्हणाले.

कोणी चिडले, कोणी रडकुंडीला आले, कोणी मुलाला गाडी उद्यापर्यंत थांबव म्हणू लागले. मुलाने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि तो बापाजवळ येऊन उभा राहिला. गोंधळात पहिली सावरली ती ताई. तिने कमरेला पदर खोचला. "ओरडून मिरी वाळणार आहे का?" ती म्हणाली. मग काकांसमोर येऊन मोठ्याने, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही, पण काय ऐकायचं ते तर ठाऊक आहे ना? सांगा आम्हाला."

मग काका माझ्याजवळ खाली बसले. त्यांनी माझा एक कोरडा कोपरा हाताने साफ केला आणि प्रत्येक पोत्यातली मूठ त्यावर सोडायला सांगितली. "सूनबाई, तू बस इथं. हात पण घाल आणि कान पण लाव. मधे खणखण येते का? नुसती खळखळ नको." सून ऐकत होती, मग डोळे मिटून दाणे मुठीत दाबत होती. "नाही, बाबा," ती मान हलवून दाखवायची. "हो, बाबा." काका तिच्या तोंडाकडे पाहत होते. सात घरांची मिरी निघाली कोरडी, चार घरांची ओली. आमची मांडवावरची निघाली कोरडी आणि माझ्यावरची ओली. हा माझा उघड उघड पराभव होता. पण इतकी वर्षे फडफडत राहिलेल्या माझ्या अंगात त्या दुपारी पहिल्यांदा वारा असूनही हालचाल नव्हती.

सात घरांची पोती आणि आमची मांडवावरची मिरी गेली. उरलेली मिरी पुन्हा उन्हात पडली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या खेपेला गेली. कारखान्याने दोन्ही खेपा घेतल्या. काकांकडे मूठ घेऊन येणारे मात्र कमी झाले, आणि जे येतात ते आधी सुनेला विचारतात. काकांना त्याचे वाईट वाटते. ते संध्याकाळी रस्त्याने जरा कडेकडेने चालतात. त्यांनी आता कानाचे यंत्र घेतले आहे. ते शिट्टी वाजवते म्हणून ते त्याच्यावर चिडतात. मिरी सगळी मांडवावर वाळते. माझे तुकडे केले. मोठा तुकडा लाकडांवर गेला, एक शिंप्याच्या खुराड्यावर, आणि जो तुकडा आत्ता तुमच्याशी बोलतो आहे, तो जेमतेम उशीच्या अभ्र्याएवढा आहे. मांडवावरची मूठ माझ्यावर सोडून सून ऐकते. दिवसाचे पाच मिनिटांचे काम. उरलेला वेळ मी खुंटीवर फडफडत असते. स्वभाव काही जात नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी गाडी गेल्यावर अंगण रिकामे झाले. काका आणि सून ओली मिरी माझ्यावर पुन्हा पसरत होते. मग काका म्हणाले, "तुझ्यावर वर्षभर आळ राहिला. माझ्यामुळं."

सून त्यांच्या समोर येऊन बसली, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसतील. "मला ठाऊक होतं, बाबा. पोती ठेवायच्या आधी मी भिंतीला हात लावून बघितला होता. कोरडी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

काकांचे हात मिरीत तसेच राहिले.

"आज मात्र थांबले नसते," ती म्हणाली. "तुम्ही उठला नसतात, तर मीच उठणार होते. टाका घातला नव्हता मी."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या घरी एखादी ताडपत्री असेल, तर काम झाल्यावर तिला दोन्ही बाजूंनी उन्हात पडू द्या. पाठीला हात लावून बघा. कुठे ओल असेल तर थांबा, घाई असली तरी थांबा. वरून कोरडी दिसते म्हणून तिची घडी घालून कोपऱ्यात ठेवू नका. आतली ओल कुणाला दिसत नाही, आणि आम्हांला ती सांगता येत नाही. तुम्हांला मात्र सांगता येते.